हरपल्या डाव्या मुलुखाची बखर

श्री. जो गणाधीश हरवले ते दाखवितो आणि दाखविले ते ओळखण्याची बुद्धी देतो, त्यास आधी नमन केले, मग लेखणी धरिली. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ते सालीं काचेच्या पाटीवर हरवल्या जिनसा हुडकण्याची मोहीम कैसी मांडिली, शिकस्त कोठे खाल्ली आणि शेवटी फत्ते कैसी पावली, ऐसे चार जाणत्यांनी पुसिले. त्यास हकीकत ऐसीजे.

एक राज्य होते. राज्य म्हणजे दोन खोल्या, एक सज्जा, आणि जिना उतरून खाली घड्याळ दुरुस्तीचे दुकान. इतकाच मुलूख, परंतु बंदोबस्त चोख. तेथे राजश्री भालचंद्रपंत नांदत होते. डोळ्यास भिंग लावून आणि हाती चिमटा धरून पंत एकदा बसले म्हणजे मुंगीच्या पायाएवढा स्क्रू फरशीवर पडला तरी कोणीकडे घरंगळला हे न पाहता सांगत, ऐसी नजर आणि ऐसा कान. पंतांची एक रीत होती, ती ध्यानी ठेवावी, पुढे तिचे काम पडेल. भिंग डोळ्यास असता ते मान म्हणून हलवीत नसत. जी बाजू दिसत नाही ती दिसावी म्हणून हातातील घड्याळच फिरवीत. नव्या शिकाऊ माणसास पहिला धडा हाच देत, की मान फिरवायची नाही, घड्याळ फिरवायचे. हे वाक्य त्यांची राणी, सौभाग्यवती प्रमिलाबाई, एकेचाळीस वर्षे ऐकत आल्या होत्या. पंत गिऱ्हाइकाशी दोन शब्दांवर तिसरा बोलत नसत, म्हणोन बोलण्याचा सगळा कारभार बाईंकडे, आणि तो त्यांणी ऐसा चालविला की बंद घड्याळ घेऊन रागाने आलेला मनुष्य चहा पिऊन हसत परत जावा.

लग्नाचे वर्षी पंतांनी तीन मेलेल्या घड्याळांचे अवयव जमवून एक जिवंत मनगटी घड्याळ सिद्ध केले आणि बाईंच्या मनगटास बांधिले. त्यास रोज चावी द्यावी लागे. सकाळचा चहा जाहला की बाईंनी हात पुढे करावा आणि पंतांनी दोन बोटांत चावी धरून बारा पीळ द्यावे, वर एक शकुनाचा, आणि म्हणावे, "चल, सुरू." बाईंस स्वतः चावी देता येत नव्हती ऐसे नाही, शेंबड्या पोरासही येईल. परंतु ते पंतांचे वतन, ते दुसऱ्याने चालवू नये, ऐसा बाईंचा कायदा होता.

मग ज्येष्ठ वद्य चतुर्थीस, चहा जाहला होता आणि चावी अजून दिली नव्हती, इतक्यात पंतांचे हातून कपबशी सुटली आणि पंत डाव्या अंगावर कलंडले. शेजारचे धावले, रिक्षा आली, आणि मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितले की मेंदूच्या उजव्या अंगी रक्त अडले आहे. बाई रात्रंदिवस बाकावर बसून राहिल्या, आणि त्याच रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांचे मनगटावरील घड्याळ थांबले. ते त्यांणी काढिले नाही आणि त्यास चावीही दिली नाही. देवाची कृपा, पंतांचा जीव वाचला, वाचा राहिली, अक्कल राहिली, डावा पाय फरफटत का होईना चालू लागला, आणि डोळे तर तपासून अगदी निर्मळ म्हणून दाखला मिळाला. परंतु डावा मुलूख गेला.

गेला म्हणजे कैसा गेला, ते ऐकावे. पंतांस डावीकडचे दिसत होते, परंतु मन तिकडे जाईचना. डावीकडे काही आहे हीच गोष्ट त्यांचे गावी नव्हती. दाढी करीत ती उजव्या गालाची, आणि आरशात पाहून समाधान पावत. ताट वाढिले तर उजवीकडची भाजी आणि आमटी संपवीत, आणि मग रुसून म्हणत की हल्ली या घरात चटणी वाढण्याची चाल मोडली काय. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सारे आपले जागी, ताटाचे डावे बाजूस, जैसे पिढ्यानुपिढ्या वाढितात तैसेच वाढिलेले असे. चार दिवस बाईंनी सांगून पाहिले, मग निमूटपणे चटणी उजवीकडे वाढू लागल्या. डॉक्टरांनी कोरा कागद दिला आणि म्हणाले, घड्याळ काढा. ज्याने हजारो घड्याळे उघडिली आणि मिटिली, त्याने गोल काढिला सुबक, आणि एकापासून बारापर्यंत सारे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीने कोंबिले, डावा अर्धा कोरा ठेविला, आणि कागद पुढे करून म्हणाला, झाले. बाईंनी तो कागद पाहिला आणि घडी घालून कमरेस खोचिला.

याहून एक गोष्ट मोठी होती, ती बाईंनी कोणास सांगितली नाही. एके दुपारी त्या पंतांच्या डाव्या हाताशी खुर्ची ओढून शेंगा सोलीत बसल्या होत्या, आणि पंत उजवीकडे दाराकडे पाहत स्वतःशीच म्हणाले, "ही कुठे गेली कोण जाणे. सांगून तरी जावं माणसानं." बाई हातभर अंतरावर होत्या. त्यांणी हाक मारिली, तेव्हा पंतांनी उजवीकडेच शोधिले. त्या दिवसापासून बाईंचे मनात एकच मसलत, की हा मुलूख परत घ्यावयाचा. कारण त्या मुलुखात आपण आहो.

त्या कामी सरकारी उपचार केंद्रातून ढवळेबाई येऊ लागल्या. वयाने तरण्या, बोलण्यास फटकळ, हाताच्या व मनाच्या सवयी पुन्हा शिकविण्यात निष्णात. त्यांणी सांगितले की पहिले काही महिने मोलाचे आहेत, तितक्यात मनास डावीकडे जाण्याची वाट पाडिली पाहिजे, आणि त्यास शोधण्याचे खेळ उत्तम. हे वर्तमान दूरच्या मुलुखी नोकरीस असलेल्या कन्या मृणाल यांस कळले, आणि त्यांणी आषाढ शुद्ध अष्टमीस कुरियरने एक टॅबलेट, म्हणजे आरंभी लिहिलेली काचेची पाटी, रवाना केला, आणि फोनवर एकेक बटण सांगून बाईंकडून त्यात एक फुकटचा खेळ उतरवून घेतला.

खेळ ऐसा की कोणी एक सरदार आपल्या हवेलीतून नाहीसा जाहला आहे, त्याची पुतणी त्यास शोधीत दालनोदालन हिंडते, आणि प्रत्येक दालनात पसारा माजला आहे. खाली जिनसांच्या आकृत्या मांडिलेल्या. तितक्या पसाऱ्यातून हुडकून बोटाने टिपाव्या, तेव्हा पुढचे दार उघडावे. पसारा तरी कैसा? मुदपाकखान्यात सारंगी, न्हाणीघरात मुकुट, देवघरात खेकडा, पलंगाखाली शिडी. बाईंचा जीव तळमळला. म्हणाल्या, ह्या घरच्या बाईला हाताखाली माणसं नव्हती का? आणि खरे लिहावयाचे तर खेळ करणाऱ्याची करामत थोर. मोराच्या पिसाऱ्यात पंखा दडविला आहे, पडद्याच्या चुणीत बासरी, आणि भिंतीच्या भेगेत पाल म्हणून पाहावे तो कंगवा. ऐसे पाहता पाहता डोळ्यास पाहण्याची भूक लागावी, हा गुण आम्ही दुसऱ्या फुकट वस्तूत पाहिला नाही.

पंत मोहिमेस बसले. उजवीकडच्या जिनसा त्यांणी ऐशा टिपिल्या की बाईंचा चष्मा पोहोचावयाचे आधी त्यांचे बोट पोहोचे. सारंगी टिपिली, शिडी टिपिली, खेकडा टिपिला. मग थांबले. डाव्या बाजूच्या सहा जिनसा राहिल्या, आणि पंत म्हणाले की यात त्या नाहीतच, खेळ खोटा आहे. दुसरे दिवशी तेच. तिसरे दिवशी टॅबलेट दूर सारून भिंतीकडे तोंड करून निजले. आठ दिवसांत तीच गत, पहिल्या दालनाचे दार उघडेना, आणि पंतांची मर्जी ऐसी खप्पा की जेवणही अर्धे राहू लागले.

तेव्हा बाईंस एकेचाळीस वर्षांचा धडा आठवला. मान फिरवायची नाही, घड्याळ फिरवायचे. त्यांणी मृणालला विचारून चित्र आपोआप सरळ होण्याची खोड कुलूपबंद केली, आणि पंत अडले म्हणजे अलगद टॅबलेटच उलटा फिरवू लागल्या. डावा मुलूख उजवीकडे आला, दालन डोक्यावर उभे राहिले, झुंबर फरशीतून उगवले, आणि ज्या माणसाचा जन्म घड्याळाची पोटे उलटीसुलटी पाहण्यात गेला त्यास त्याचे काय? पंतांनी उलटा पंखा टिपिला, उलटी बासरी टिपिली, आणि दार उघडले. मग काय विचारता. श्रावण लागला तो पाच दालने काबीज जाहली, पंतांच्या मुखावर तेज आले, मृणालकडे फत्तेचे खलिते गेले, आणि बाईंनी नारळी भात करून शेजारी वाटिला.

ढवळेबाई नागपंचमीनंतर आल्या, त्यांसही नारळी भात दिला. त्यांणी तो खाल्ला, वाहवा केली, आणि पिशवीतून कोरा कागद काढून पंतांस म्हणाल्या, घड्याळ काढा. पंतांनी गोल काढिला आणि बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबिले. बाई खुर्ची ओढून पंतांजवळ बसल्या. ढवळेबाईंनी खेळ पुढे ठेवण्यास सांगितले, पंत खेळो लागले, अडले, आणि बाईंचा हात सवयीने पुढे होऊन टॅबलेट फिरला. ढवळेबाईंनी तो हात धरिला. म्हणाल्या, "काकू, तुम्ही नकाशा फिरवताय. काका आहेत तिथेच आहेत." बाईंनी कसनुसे होऊन सांगितले की घड्याळजीची रीतच ही. त्यावर त्या म्हणाल्या, "घड्याळाला चालेल. पण तुम्हाला कोण फिरवून उजवीकडे आणून ठेवणार? आता मानच फिरली पाहिजे."

बाईंस हे वाक्य जिव्हारी लागले, कारण ते खरे होते. दोन घटका त्या सज्ज्यात जाऊन उभ्या राहिल्या. आपण प्रेमाने शत्रूस रसद पुरविली, ऐसे त्यांस वाटले, आणि रडेही आले. परंतु कच खाणे हे त्यांचे घराण्यात नव्हते. परत येऊन विचारिले की सांगा, काय करू. मग नवी मसलत ठरली. टॅबलेटाच्या डाव्या काठास लाल चिकटपट्टी लाविली. कोणतेही दालन उघडिले की आधी मान वळवून ती लाल पट्टी डोळ्यांनी गाठावी, तिला बोट लावावे, आणि तेथून शोध सुरू करावा. बाईंनी डाव्या बाजूस बसावे, बोलावे, परंतु बोट दाखवू नये, जागा सांगू नये, टॅबलेट तर फिरवूच नये. आणि चटणी पुन्हा डावीकडे वाढावी. ही शेवटची आज्ञा बाईंस सर्वांत कठीण गेली. पुढ्यात चटणी असता माणूस कोरडी भाकरी खातो, आणि आपण ते पाहत बसावयाचे, हे सोपे नव्हे.

पाच दालने गेली, पुन्हा पहिल्यापासून आरंभ. दिवसात एक जीनस डावीकडची सापडली तर नौबत वाजवावी ऐसे दिवस आले. पंत पट्टी विसरत, बाई म्हणत, "अहो, पट्टी." पंत चिडत, मग मान वळे, पट्टी दिसे, आणि पुढल्या क्षणी मन उजवीकडे पळून जाई. बाईंचा हात दाखविण्यास इतका शिवशिवे की शेवटी त्या दोन्ही हात मांडीखाली घालून बसू लागल्या. शेजारच्या काकूंनी विचारिले की थंडी वाजते का. बाई म्हणाल्या, हो.

आता एक प्रकरण लिहिले पाहिजे, कारण यश कोणाच्या हातून येईल याचा नेम नाही. खेळ फुकट, म्हणोन त्यात जाहिरातींचे पेंढारी फिरत. दालन अर्धे होते न होते तोच घाला पडे आणि सारे चित्र झाकून जाई. त्यांत केस वाढविण्याच्या तेलाची एक बाई होती. ती गुडघ्यापर्यंतचे केस झटकीत येई आणि पंतांस विचारी की तुमचे केस गळतात का. पंतांस गेली वीस वर्षे गळावयास केस नव्हते. ती घालविण्याची फुली, एवढीशी, पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. भाद्रपद शुद्ध द्वादशीस ती बाई एका बैठकीत चार वेळा आली, आणि चारही वेळा आपले बोलणे संपेतो गेली नाही. पाचव्यांदा केस झटकले तेव्हा पंत लाल जाहले. म्हणाले, "ही बंद कुठून होते?" बाईंच्या दोन्ही हातांनी मांडीखाली बंड मांडिले, परंतु त्यांणी ते दाबिले आणि म्हणाल्या, "शोधा." पंतांनी उजवा कोपरा पाहिला, खालचा पाहिला, आणि मग, पट्टी कोणी म्हटले नसता, मान डावीकडे वळली, वळली, आणखी वळली, आणि बोट फुलीवर ऐसे आदळले की टॅबलेट लवंडता लवंडता राहिला. "गेली," पंत म्हणाले, आणि कित्येक आठवड्यांत हसले नव्हते ते हसले. जे काम डॉक्टरांचे गोळीने आणि बाईंचे नवसाने जाहले नाही, ते त्या तेलवालीने केले. म्हणोन या बखरीत तिचा मान ठेविला आहे.

किल्ल्यास एकदा भगदाड पडले म्हणजे ते बुजत नाही. तेथून दालनामागून दालन पडत गेले, हळूहळू का होईना, आणि सरळ चित्रावर. कधी दोन पावले पुढे, कधी एक मागे; एखादे दिवशी पंत थकले की डावा मुलूख पुन्हा धुक्यात जाई आणि बाईंचे काळीजही त्यासवे जाई. परंतु पितृपक्षात एके दुपारी जेवता जेवता पंत म्हणाले, "चटणी आज जास्त तिखट झालीये." बाई स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि पदर तोंडाशी धरून मनसोक्त रडल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या की मिरची नवीन आहे.

तरी एक गोष्ट राहिली होती. पंत पट्टीपर्यंत येत, फुलीपर्यंत येत, ताटाच्या काठापर्यंत येत. परंतु त्या पलीकडे, जेथे बाई बसत, तेथे मान पोहोचत नव्हती. आवाजास उत्तर देत ते समोर पाहून. बाईंनी यावर कोणाकडे तक्रार केली नाही. रोज त्याच खुर्चीवर, त्याच बाजूस, तेच बंद घड्याळ बांधून बसत गेल्या.

मग दसरा आला. बाईंनी खालून पंतांची हत्यारे आणविली, पाट मांडिला, चिमटे, स्क्रूड्रायव्हर, भिंग यांस हळदकुंकू वाहिले, आणि शेवटी टॅबलेटही पाटावर ठेवून त्यावर झेंडूचे फूल ठेविले, कारण ज्याने लढाई केली त्याचा हक्क. ढवळेबाई आपट्याची पाने देण्यास आल्या होत्या, त्या चहा घेत बसल्या. पंतांनी फूल बाजूस करून टॅबलेट उचलिला आणि हवेलीचे अखेरचे दालन उघडिले. पोटमाळा, पंधरा जिनसा. लाल पट्टीस बोट लावून पंत निघाले. दिवा सापडला, दुर्बीण सापडली, कासव सापडले, आणि चवदा जिनसा होऊन एक पांढरे पीस राहिले. पीस डाव्या काठास, पट्टीस टेकून, कबुतरखान्याच्या पांढऱ्या भिंतीवर होते. ते बाईंस दिसत होते, ढवळेबाईंस दिसत होते, आणि बाईंचे हात मांडीखाली सुन्न जाहले होते. पंतांची मान हळू हळू वळली. पीस टिपिले. दार उघडले, सरदार सापडला, पुतणीने त्यास मिठी मारिली आणि पडद्यावर दारूकाम सुटले.

परंतु पंतांनी दारूकाम पाहिले नाही. मान जी पट्टीकडे वळली होती ती तेथे थांबली नाही, पट्टी ओलांडून पुढे गेली, टॅबलेट ओलांडून गेली, आणि खुर्चीच्या हातावर बाईंनी नुकताच बाहेर काढिलेला हात होता तेथे जाऊन थांबली. पंतांनी कपाळास आठी घातली, जैसी दुकानी घालीत.

"अगं, तुझं घड्याळ बंद आहे."

बाई म्हणाल्या, "हो. ज्येष्ठापासून."

"आणि चावी कुणी दिली नाही?"

"तुमचं काम आहे ते. मी थांबले होते."

पंतांनी मान आणखी वर केली आणि बाईंचे तोंडाकडे पाहिले, डावीकडे, समोरासमोर. पुष्कळ दिवसांनी प्रवासाहून आलेले माणूस पाहावे तैसे पाहिले. "इथेच बसतेस रोज?" त्यांणी विचारिले. बाईंनी नुसती मान हालविली. मग पंतांनी उजवा हात पुढे केला, बाईंनी मनगट त्यांचे मांडीवर ठेविले, आणि दोन बोटांत चावी धरून पंत पीळ देऊ लागले. दोनदा चावी निसटली, तेव्हा बाईंनी हात जागचा हालविला नाही. बारा पीळ, वर एक शकुनाचा. घड्याळ पंतांनी कानाशी धरिले, ऐकिले, आणि म्हणाले, "चल, सुरू." ढवळेबाईंचा चहा निवून गेला होता.

सारांश, डावा मुलूख परत आला. सगळा आला ऐसे लिहिणे खोटे होईल. अद्यापि दाराच्या डाव्या चौकटीस पंतांचा खांदा लागतो, आणि दसऱ्यानंतर कागदावर काढिलेल्या घड्याळात आठ आणि नऊ थोडे खाली घसरले आहेत. परंतु आपले मुलुखी आहेत. हवेलीचा खेळ संपला, दुसरा उतरविला आहे, त्यात बुडालेले जहाज आहे आणि तीच तेलवाली आहे. दालन चालू असता बाई आता हात मांडीखाली घालीत नाहीत. येणेप्रमाणे हकीकत जैसी घडली तैसी लिहिली, उणे अधिक जाणत्यांनी नीट करावे. हे लिहून पुरे केले तेव्हा बाईंच्या मनगटावर सहा वाजून दहा मिनिटे जाहली होती, आणि वेळ बरोबर होती.